सौदीहून आणलेला ६० हर्ट्झचा मिक्सर: कोकणात चालतो का?

रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर गावोगाव आखातात नोकरीला गेलेली माणसं आहेत, आणि त्यांच्या सामानातून मिक्सर येतोच. कुवेत, ओमान किंवा दुबईहून आणलेला असेल तर प्रश्न नाही, तिथे आपल्यासारखेच ५० हर्ट्झ, म्हणजे विजेची सेकंदाला ५० आवर्तनं. सौदीच्या मिक्सरच्या बुडाला मात्र ‘२२० व्होल्ट, ६० हर्ट्झ’ छापलेलं असतं. मग कुणीतरी सांगतं, हर्ट्झ जुळत नाहीत, मोटर जळेल.

मिक्सरची मोटर त्यामुळे जळत नाही. ती युनिव्हर्सल मोटर असते: कॉम्युटेटर (शाफ्टवरचं तांब्याच्या पट्ट्यांचं कडं), त्यावर घासणारे कार्बन, आणि फील्ड व आर्मेचर (स्थिर आणि फिरतं वाइंडिंग, म्हणजे तारेची गुंडाळी) एकाच सिरीजमध्ये. अशी मोटर डीसीवरही (बॅटरीसारख्या एकाच दिशेच्या विजेवर) फिरते. तिचा वेग ठरतो व्होल्टेज आणि लोडवर. हर्ट्झ कमी झाले की वाइंडिंगचा प्रवाहाला होणारा अडथळा थोडा घटतो, म्हणून ६० चा मिक्सर ५० वर लोडखाली किंचित जोरातच चालतो. भांड्यात ओलं खोबरं असताना हा फरक कानालाही कळत नाही.

पंप, टेबल फॅन यांचं गणित निराळं. त्यांची इंडक्शन मोटर (तिला कार्बन नसतो) हर्ट्झला बांधलेली. चार पोलची (चार चुंबकी ध्रुवांची) असेल तर ६० वर मिनिटाला १८०० आणि ५० वर १५०० फेऱ्यांची मर्यादा, म्हणजे वेग सहाव्या हिश्श्याने खाली, शिवाय जास्त गरम. सौदीहून पंप आणू नये. विजेच्या हर्ट्झवर चालणारं घड्याळही इथे तासाला १० मिनिटं मागे पडतं.

मिक्सरसाठी प्लेटवरचा व्होल्टचा आकडा आधी बघा. सौदीत जुन्या घरांमध्ये १२७ व्होल्टची लाइन असायची. तसा मिक्सर थेट आपल्या २३० ला लावला तर गेलाच.

कोकणात खरा त्रास कमी व्होल्टेजचा. ट्रान्सफॉर्मरपासून लांब, वाडीच्या टोकाच्या घरात संध्याकाळी १८० व्होल्ट आले की वाटपाच्या लोडखाली मिक्सर व्होल्टेजच्या प्रमाणापेक्षाही जास्त मंदावतो. थंड हवा देणारा पंखा त्याच शाफ्टवर, तोही मंदावतो. पातं अडकत चाललं तर करंट वाढतो, वास येतो आणि जास्त लोडला मोटर बंद करणारं बुडाचं लाल बटण उडतं. अशा वेळी भांडं अर्ध्यापर्यंतच भरावं, खोबऱ्यात आधीच पाणी घालावं, अर्धा-अर्धा मिनिट फिरवून थांबावं. बटण उडालं तर लगेच दाबू नये, मोटर निवू द्यावी. जनरेटरवर चालवताना हर्ट्झ ५२ आहेत की ४८, याची काळजी नको. मीटर लावून व्होल्टेज तेवढं बघा.

वाटणाच्या कामात हा मिक्सर आम्हाला पसंत आहे. ७५० वॅटला खोबरं, धणे, भाजून पूर्ण निवलेल्या मिरच्या उत्तम होतात. अख्खं हळकुंड मात्र आधी फोडून घ्या, नाहीतर कपलरचे (भांडं मोटरला जोडणाऱ्या तुकड्याचे) दात जातात. तिरफळाच्या बिया काढून टाका. पिन तीन चपट्या असतात, प्लग बदलावा लागतो. ७५० वॅटला सव्वातीन अँपिअरच्या आसपास लागतात, साधा ६ अँपिअरचा प्लग पुरतो, पण अर्थिंगची वायर जोडल्याशिवाय वापरू नये.

खाऱ्या हवेत पावसाळाभर पडून राहिला तर कॉम्युटेटर काळवंडतो, आणि चालू केल्यावर हवेच्या फटीतून मोठ्या ठिणग्या दिसतात. बारीक निळसर ठिणगी चालते. पिवळी, गोल फिरणारी दिसली तर बंद करून कार्बन काढून बघा. घासून आखूड झाला असेल किंवा खाचेत अडकत असेल तर बदला. नेमक्या मापाचा मिळाला नाही तर थोडा मोठा घेऊन पॉलिश पेपरवर घासावा, खाचेत सैलसर सरकेल इतपतच.

आमची तक्रार एकच, पण ती मोठी आहे. कपलर आणि भांड्यांचे साचे इथल्या मिक्सरशी बहुधा जुळत नाहीत. मोटर वर्षानुवर्षं चालेल, पण कपलर तुटला तर मिक्सर पडून राहतो. आणणाऱ्याला सांगून दोन जादा कपलर आणि एक जादा चटणीचं भांडं सामानात घ्यायला लावा. ते मिळत नसेल तर इथलाच घ्या.