पहिला बर्फाचा ट्रेक: डिसेंबर की मार्च?

कळसूबाई, साल्हेर, हरिहर झाले की नाशिकच्या ट्रेकरला बर्फाचे वेध लागतात, आणि बहुतेकांची गाडी केदारकंठ्यावर येऊन थांबते. उंची सुमारे १२,५०० फूट, पायथ्याचं गाव उत्तरकाशी जिल्ह्यातलं सांक्री. मग वाद उरतो तो महिन्याचा.

नाताळच्या सुट्टीचा मोह कुणाला नसतो? पण डिसेंबरातला बर्फ पश्चिमी झंझावातांच्या, म्हणजे पश्चिमेकडून हिमालयात हिवाळी बर्फ घेऊन येणाऱ्या वादळांच्या, मर्जीवर. एखाद्या वर्षी महिनाअखेरपर्यंत वाट नीट पांढरीही होत नाही. आणि बर्फ कमी म्हणून धोकाही कमी, हा समज तर साफ चुकीचा. थर पातळ असतो. खाली जमीन शून्य अंशाच्या आसपास, वर रात्रीची हवा उणे दहा. एवढ्याशा जाडीत तापमानाचा एवढा फरक पडला की तळाचे कण जाड साखरेसारखे सुटे होतात. मूठभर उचलून दाबा, गोळा वळत नाही, बोटांतून ओघळतो. पुढे यावर नवा जड बर्फ साचला की वरचा थर अख्खाच्या अख्खा निसटू शकतो, विशेषतः ३० ते ४५ अंशांच्या उतारावर. काठी टोचल्यावर वर घट्ट लागून मग एकदम आत गेली, किंवा पायाखाली धप्प असा दबका आवाज आला, तर त्या उतारावर पाऊलही टाकू नका. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी द्रौपदी का दांडा शिखरावर हिमस्खलनात नेहरू पर्वतारोहण संस्थेच्या प्रशिक्षणार्थींची तुकडी सापडली, २७ मृतदेह हाती लागले. ते शिखर केदारकंठ्याहून कितीतरी उंच, पण तेव्हा हिवाळा सुरूही झाला नव्हता.

केदारकंठ्याची रुळलेली वाट बरीचशी झाडीतून आणि सोंडेवरून जाते, म्हणून ती त्यातल्या त्यात बरी. रीलसाठी बाजूच्या घळीत उतरणारे महाभाग वेगळे. शिवाय विरळ बर्फाखाली दगड आणि ओंडके लपलेले असतात, घोटा तिथेच मुरगळतो.

मार्चमध्ये थर जाड आणि बहुधा बसलेला, दिवसही मोठा. फक्त ऊन चढलं की बर्फ ओला होऊन पाय गुडघ्यापर्यंत रुततो आणि तीव्र उतार घसरू लागतात. पहाटे निघून दुपारच्या आत खाली यायचं. घरात दहावी-बारावी असेल तर मार्च विसराच.

माझं मत विचाराल तर पहिल्यांदा जाणाऱ्याने फेब्रुवारीअखेर ते मार्चचा पहिला पंधरवडा धरावा. निफाडची थंडी काढली म्हणून उणे दहातला तंबू झेपेलच असं नाही.

डिसेंबरातच जाणार असाल, तर ट्रेक नेणाऱ्यांना एवढंच विचारा: मोठी बर्फवृष्टी झाली तर एक दिवस थांबणार का? डीआरडीओची डीजीआरई ही संस्था हिमस्खलनाचे इशारे देते, ते कोण बघतं? उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरा गट शोधा. आणि दिल्लीहून नाशिकरोडचं मंगला एक्स्प्रेसचं परतीचं तिकीट एक दिवस पुढचं काढा, म्हणजे गाडी चुकेल म्हणून कुणी माथ्याची घाई करणार नाही.