शाळा सोडल्याचा दाखला अडलाय? बुधवारच्या मदत टेबलावर जाऊन या

पुण्यात बिबवेवाडीला आमच्या वस्तीच्या समाजमंदिरात दर बुधवारी चार ते सात एक टेबल लागतं. मुलांच्या शाळेच्या हक्काचं काहीही विचारा, पैसे घेत नाहीत. मी तीनदा जाऊन आले, म्हणून लिहिते.

२०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, त्याच आठवड्यात मिस्टरांचा टेम्पो उभा राहिला. चौथीची फी थकली. २०२१ च्या फेब्रुवारीत शाळेकडून ऑनलाइन तासाची लिंक यायची थांबली. पोरगी तरी रोज नऊला युनिफॉर्मचा शर्ट घालून मोबाइलसमोर बसायची. पहिली ते आठवीची मुलं त्या वर्षी परीक्षेविना वर गेली, तशी तीही पाचवीत गेली. महापालिकेच्या शाळेत घालायचं ठरवलं, तर जुनी शाळा म्हणे, आधी बाकी भरा, मग दाखला.

टेबलावरच्या ताईंनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं मराठी पुस्तक उघडलं. कलम ५ वर पेन्सिलने रेघ ओढली आणि मलाच मोठ्याने वाचायला लावलं. मुलाला दुसऱ्या सरकारी किंवा अनुदानित शाळेत जायचं असेल तर मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यायचा. आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही, थांबवताही येत नाही. वाचताना माझा आवाज कापत होता. चार महिने मी जुन्या शाळेच्या ऑफिसबाहेर उभी होते आणि हे कुणी सांगितलं नव्हतं!

अर्ज त्यांनी लिहून दिला नाही. मला कागद दिला, म्हणाल्या, "तुम्ही लिहा, मी बघते." पहिल्या वेळी राग आला. पण दोन प्रती करायच्या, दुसरीवर तारीख, सही-शिक्का घेऊन पोच आणायची, पोच दिली नाही तर स्पीड पोस्टाने पाठवायचा, हे आता मला पाठ आहे. शेजारच्या दोघींना मीच अर्ज लिहायला शिकवलं. महापालिकेच्या शाळेने तिला दाखल्याविना घेतलं, दाखला नंतर आला. कोरोनात शाळा बंद होत्या तरी पोषण आहाराचा तांदूळ आणि कडधान्य मिळत होतं, हेही तिथेच कळलं.

कमी काय आहे तेही सांगते. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी वेगळा माणूस हवा. माझ्यासमोर एक आजी नातवाचे कागद घेऊन तासभर बसून होत्या, शेवटी पुढच्या बुधवारी या म्हणून परत पाठवलं. हे बरोबर नाही, मी त्यांना तसं सांगितलंही. फीबद्दलही नीट विचारा. २०२१ च्या ऑगस्टमध्ये शासनाने त्या वर्षाच्या फीत १५ टक्के कपात करायला सांगितलं, त्यावरून रांगेत पूर्ण माफीची अफवा पसरली होती. मागची बाकी त्याने जात नाही. नववीतल्या पुतण्याचं मात्र ताईंनी स्पष्ट सांगितलं: हा कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी, आठवीपर्यंत. खोटी आशा लावली नाही, हे मला फार आवडलं.

जाताना फीच्या जुन्या पावत्या आणि शाळेचे आलेले मेसेज न पुसता घेऊन जा. जन्मदाखला नाही म्हणून घरी बसू नका, वयाचा पुरावा नाही म्हणूनही शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. साडेतीनलाच नंबर लावा, पाचनंतर रांग दारापर्यंत येते.