पोस्टग्रेसचीच रांग केली, त्याला आठ महिने झाले

आमचं काम मस्जिद बंदर आणि दादरच्या घाऊक व्यापाऱ्यांच्या बिलिंगचं. बिल झालं की पीडीएफ बनवणं, एसएमएस, ईमेल ही मागची कामं. त्यांची रांग लावायला रॅबिटएमक्यू (कामांचे निरोप पोचवणारा वेगळा सर्व्हर, म्हणजे ब्रोकर) न बसवता आहे त्याच पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये एक टेबल केलं, एका कामाला एक ओळ. अंधेरीत बसणाऱ्या चौघांच्या टीमला आणखी एक सर्व्हर सांभाळणं नको होतं, एवढाच मूळ विचार. खरा फायदा वेगळाच निघाला: बिल आणि त्याचं काम एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये कमिट होतात, म्हणजे दोन्ही एकत्र पक्की होतात, नाहीतर दोन्ही रद्द. बिल रोलबॅक (रद्द) झालं तर एसएमएसही जात नाही. ब्रोकर वेगळा असता तर हीच खात्री मिळवायला आउटबॉक्स टेबल, म्हणजे पाठवायचे निरोप आधी डेटाबेसमध्येच लिहून ठेवणारं टेबल, करावंच लागलं असतं.

सगळा डोलारा ‘फॉर अपडेट स्किप लॉक्ड’ (ओळ लॉक कर, आधीच लॉक असलेली सोड) या सूचनेवर उभा आहे. ही सोय पोस्टग्रेस ९.५ पासूनची, म्हणजे २०१६ ची. दुसऱ्या वर्करनं (रांगेतली कामं उरकणाऱ्या प्रोग्रॅमनं) धरलेली ओळ सोडून वर्कर पुढची उचलतो, ताटकळत नाही. एका खेपेला १० ओळी पुरतात.

लॉक धरून ठेवून एसएमएस पाठवायचा मोह मात्र टाळा. गेटवे (एसएमएस पुढे पाठवणारी बाहेरची सेवा) ३० सेकंद अडकला की ट्रान्झॅक्शनही ३० सेकंद उघडं. ओळीवर ‘चालू’ आणि पाच मिनिटांची मुदत लिहायची, लगेच कमिट करायचं, मग कामाला लागायचं. वर्कर मेला तर मुदत संपल्यावर दुसरा ती ओळ उचलतो. अर्थात तोच एसएमएस दोनदा जाऊ शकतो. गेटवे आपला संदर्भ क्रमांक घेऊन दुसरी खेप नाकारत असेल तरच हे पूर्ण बंद होतं. आमचा घेत नाही.

खरी डोकेदुखी मेलेल्या ओळींची. ओळ बदलली की तिची जुनी प्रत टेबलात पडून राहते, ती मेलेली ओळ; ती साफ करणं हे व्हॅक्यूमचं काम. जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्राची ११ तारीख जवळ आली की बिलांचा पूर येतो, आणि नेमका तेव्हाच कोणीतरी महिन्याचा मोठा रिपोर्ट लावतो. तो चालू असेपर्यंत त्यानंतर मेलेल्या ओळी व्हॅक्यूमला उचलता येत नाहीत. काम उचलणारी क्वेरी मिलिसेकंदांवरून सेकंदांवर जाते, आणि सीपीयू बघून काहीच कळत नाही. ‘पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी’त (पोस्टग्रेसमधल्या चालू कनेक्शनच्या यादीत) सगळ्यात जुनं ‘xact_start’ (ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याची वेळ) शोधा, गुन्हेगार तिथेच सापडतो. रिपोर्ट रेप्लिकावर (डेटाबेसच्या दुसऱ्या सर्व्हरवरच्या प्रतीवर) हलवलात तरी ‘हॉट_स्टँडबाय_फीडबॅक’ हे सेटिंग चालू असेल तर तो तिथूनही प्रायमरीचा, म्हणजे मूळ डेटाबेसचा, व्हॅक्यूम अडवतो. यात आमचे दोन दिवस गेले. ऑटोव्हॅक्यूमचा स्केल फॅक्टर (टेबलाचा साधारण किती भाग मेला की आपोआप सफाई सुरू करायची) मुळात ०.२ असतो, या टेबलापुरता ०.०१ केला. झालेली कामं डिलीट करत नाही, रोजचं पार्टिशन (टेबलाचा तुकडा) वेगळं ठेवून जुनं सरळ ड्रॉप करतो.

नवं काम आल्याची वर्दी वर्करला देणारी पोस्टग्रेसची ‘लिसन-नोटिफाय’ सोय वापरणार असाल तर पीजीबाउन्सरच्या (डेटाबेसची कनेक्शनं वाटून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या) ट्रान्झॅक्शन मोडमधून ‘लिसन’ चालत नाही. त्यासाठी एक थेट कनेक्शन ठेवा, नाहीतर आमच्यासारखं दर दोन सेकंदांनी टेबल तपासा. एसएमएस दोन सेकंद उशिरा गेला म्हणून अजून एकाही व्यापाऱ्यानं फोन केलेला नाही.