रुग्णाच्या बाजूने उभे राहावे की ट्रायब्युनलवर बसावे?

इंग्लंडमध्ये मानसिक आरोग्य कायद्याची वकिली करणाऱ्या बॅरिस्टरपुढे (न्यायालयात बाजू मांडणाऱ्या वकिलापुढे) पाच-सात वर्षांनी हा प्रश्न येतोच, की रुग्णांची बाजू मांडत राहावे, की रुग्णाला रुग्णालयात डांबून ठेवावे की मुक्त करावे हे ठरवणाऱ्या फर्स्ट-टियर ट्रायब्युनलवर (न्यायाधिकरणावर) अर्धवेळ न्यायाधीश म्हणून बसावे. मी दोन्ही कामे केली आहेत आणि शेवटी वकिलीत राहिलो आहे, त्यामुळे माझा कल वाचकाने लक्षात घेऊनच पुढचे वाचावे.

न्यायाधीशाच्या कामाचे आकर्षण खरे आहे. शेजारी एक मनोविकारतज्ज्ञ आणि आरोग्य किंवा समाजसेवेचा अनुभव असलेला एक सदस्य बसतो, आणि त्यांच्याशी विचारविनिमय करताना जे कळते ते चेंबर्समध्ये (बॅरिस्टरांच्या कार्यालयात) बसून कळत नाही. २००१ च्या दुरुस्तीपासून सिद्धतेचा भार रुग्णालयावर आहे. रुग्णाला डांबून ठेवणे का आवश्यक आहे हे रुग्णालयाला ट्रायब्युनलपुढे सिद्ध करता आले नाही, तर मुक्तता करावीच लागते. हा अधिकार जबाबदारीने वापरण्याचे समाधान मी कमी लेखणार नाही. शिवाय दिवसाचे मानधन ठरलेले असते, जे लीगल एडच्या (सरकारी खर्चाने चालणाऱ्या वकिलीच्या) कामाबद्दल म्हणता येत नाही.

वकिलीत मिळकत अनियमित आणि वेळ कायम अपुरा. मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम २ खाली तपासणीसाठी रुग्णालयात ठेवलेल्या रुग्णाला पहिल्या चौदा दिवसांत अर्ज करावा लागतो आणि त्यानंतर सात दिवसांत सुनावणी होते, म्हणजे कागद हाती येईपर्यंत तयारीचे दिवस संपत आलेले असतात. वॉर्डमधली बरीचशी प्रकरणे सॉलिसिटरच (अशिलाचे काम थेट हाताळणारे वकील) सांभाळतात. बॅरिस्टरकडे येतात ती बहुधा गुंतागुंतीची, न्याय मंत्रालयाच्या निर्बंधाखालील रुग्णांची किंवा अपिलासाठी वरच्या, म्हणजे अपर ट्रायब्युनलपर्यंत जाणारी.

त्याच कायद्याच्या कलम २३ खाली रुग्णाच्या मुक्ततेचा विचार करणाऱ्या हॉस्पिटल मॅनेजर्सच्या पॅनेलवर बसण्याचा तिसरा मार्गही आहे. तो अनुभवासाठी चांगला; पण तीन सदस्यांच्या पॅनेलमध्ये तिघांचेही एकमत झाल्याशिवाय मुक्तता होत नाही, आणि उपजीविकेचा मार्ग म्हणून त्याकडे पाहता येत नाही.

माझ्यापुरता निर्णय झाला तो कलम ११७ मुळे, म्हणजे रुग्णालयातून सुटल्यानंतरच्या देखभालीची सोय करायला लावणाऱ्या कलमामुळे. रुग्णाला वॉर्डची गरज उरलेली नाही हे उपचार करणारे डॉक्टरच सांगतात, परंतु आधारयुक्त निवासाची सोय झालेली नसते, कारण खर्चाचा कोणता वाटा स्थानिक कौन्सिलचा आणि कोणता आरोग्य मंडळाचा यावर पत्रव्यवहार चालू असतो. कायद्याने ही जबाबदारी दोघांची आहे, तरीही ट्रायब्युनल त्यांपैकी कोणालाही घर द्या किंवा पैसे द्या असा आदेश देऊ शकत नाही. मुक्ततेची तारीख पुढची देता येते, रजेची किंवा बदलीची शिफारस करता येते, आणि शिफारस पाळली गेली नाही तर प्रकरण पुन्हा विचारात घेता येते; अधिकार तिथे थांबतो. २००३ मध्ये आयएच प्रकरणात त्या वेळी सर्वोच्च न्यायालयाचे काम करणाऱ्या हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे आलेला पेचही याच जातीचा होता: सशर्त मुक्ततेनंतर देखरेख करायला मनोविकारतज्ज्ञ तयार नव्हते आणि ट्रायब्युनलला सक्ती करता येत नव्हती.

अशा प्रकरणात सुनावणी तहकूब करून मी घरी जात असे, आणि पुढच्या वेळी बहुधा दुसरेच पॅनेल बसे. त्या माणसाचे पुढे काय झाले हे मला कळतही नसे. वकील म्हणून मात्र त्याच दुपारी सामाजिक कार्यकर्त्याला फोन करता येतो, कलम ११७ च्या बैठकीत जाऊन निर्णयाची तारीख मागता येते आणि गरज पडल्यास सॉलिसिटरमार्फत न्यायिक पुनर्विलोकनाची नोटीस पाठवता येते. अशा नोटिशीनंतर, निदान माझ्या अनुभवात, अडलेली सोय पुष्कळदा लवकर होते. इतरांचा अनुभव वेगळा असू शकतो आणि सगळ्याच कौन्सिल सारख्या नसतात, हे मान्य.

ज्यांना पुरावा शांतपणे तोलण्यात आणि निकालाची कारणे नेमकी लिहिण्यात रस आहे, त्यांच्यासाठी ट्रायब्युनलचे काम उत्तम आहे, आणि अशा न्यायाधीशांची रुग्णांना गरजही आहे. मात्र न्यायिक नियुक्ती आयोगाकडे अर्ज करण्यापूर्वी कलम ११७ च्या एखाद्या लांबलेल्या बैठकीत रुग्णाच्या शेजारी सुरुवातीपासून शेवटपर्यंत बसून पाहावे, एवढे मी सुचवीन.