गोवा ते साल्हेर सहल: डोंगर उत्तम, जेवण पनीरमय

म्हापशाहून सुटून थेट नाशिककडच्या बागलाणातल्या साल्हेर किल्ल्यापर्यंत नेणारी ही सहल एका स्थानिक सहलवाल्याची. माणशी १८,००० रुपये. त्यात ट्रॅव्हलर, मुक्काम, नाश्ता, रात्रीचे जेवण आणि डोंगरावरचे वाटाडे. दुपारचे जेवण आपल्या खिशातून. मी आणि माझी नणंद दोघी साखळीच्या, दोघींची पन्नाशी उलटलेली. तेव्हा हे सगळे गुडघ्यांच्या बाजूने लिहिलेले आहे असे समजा.

आधी ड्रायव्हरमामांबद्दल. पत्रादेवीची हद्द यायच्या आधीच त्यांनी टाकी काठोकाठ भरली, पलीकडे इंधन महाग म्हणून. आंबोली घाटात कुणालाही ओकारीसाठी पिशवी मागावी लागली नाही, यातच काय ते आले. मागची सीट मात्र घेऊ नका. आजरा-गडहिंग्लज पट्ट्यात ती प्रत्येक खड्ड्याचा हिशेब कमरेला देते.

वाटेतला पहिला थांबा खिद्रापूरचा, आणि तो निवडणाऱ्याला शाबासकी. कोपेश्वराचा स्वर्गमंडप ४८ खांबांचा, आणि मधोमध छप्परच नाही, गोल आभाळ. पायथ्याला दगडी हत्तींची रांग. शंकराच्या देवळात नंदी कसा नाही, म्हणून नणंदेने सगळे आवार पालथे घातले. सहलवाल्याने इथे घाई केली नाही. पन्हाळ्यावर केली. तीन दरवाजा, अंबरखाना, फोटो, चला.

राजगड पत्रकात ‘सोपा’ म्हणून छापला आहे. छापणारा गुंजवण्याच्या वाटेने चढलेला नसावा. चोरदरवाजाच्या खालचा टप्पा खडा आहे, रेलिंगला धरून चढावे लागते. गुडघे बोलत असतील तर पाली दरवाजाची पायऱ्यांची वाट मागून घ्या. लांब पडते, पण सुसह्य. वर पद्मावती माचीवर टेकलो. संजीवनी माचीची दुहेरी चिलखती तटबंदी बघायला मंडळींतले निम्मेच गेले. मी गेले. रायगडाआधी महाराजांची राजधानी इथे होती. २०२५ साली युनेस्कोच्या यादीत जे बारा किल्ले गेले त्यांत राजगड आहे, पन्हाळा आहे आणि साल्हेरही.

कळसूबाईला मात्र या लोकांना पैकीच्या पैकी. १६४६ मीटर, महाराष्ट्रातले सगळ्यांत उंच शिखर. आपला गोव्यातला, सत्तरी तालुक्यातला सोंसोगड बाराशेलाही पोचत नाही. पायथ्याच्या बारी गावातून पहाटे अंधारातच निघालो. लोखंडी शिड्यांवर उजाडल्यावर गर्दीचा चोंदा बसतो, तो टळला. वाटाड्या बारीचाच पोर. शिडीखाली उभा राहून म्हणायचा, ‘‘मावशी, पायरीकडं बघा, वर बघू नका.’’ वर देवीचे छोटेसे देऊळ, समोर अलंग-मदन-कुलंग, खाली भंडारदऱ्याचे पाणी. उतरल्यावर त्याच्या घरी बाजरीची भाकरी, पिठले आणि ठेचा. अख्ख्या सहलीतले हे एकच जेवण जेवण म्हणण्याजोगे. बाकी रोज रात्री ढाब्यावर पनीर! तांबडे पनीर, हिरवे पनीर, एकदा पांढरे. कोल्हापूरवरून जाऊन तांबडा-पांढरा रस्सा न देणारा सहलवाला मी पहिल्यांदा पाहिला. नुस्त्यावर, म्हणजे मासळीवर वाढलेल्या माणसांची निदान एवढी तरी कीव करा.

वणीला सप्तशृंगीचे दर्शन झाले. पायऱ्या चुकवायला फ्युनिक्युलर ट्रॉली आहे, तिचा लाभ निःसंकोच घेतला, कारण पुढे साल्हेर होता.

आणि माझी खरी तक्रार साल्हेरचीच आहे. १५६७ मीटर, राज्यातला सगळ्यांत उंच किल्ला. १६७२ साली मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजरांनी याच्या पायथ्याला उघड्या मैदानात मोगलांना हरवले. पण आपल्याला त्याचे आणखी एक नाते आहे. माथ्यावर परशुरामाचे देऊळ आहे, आणि समुद्र हटवणारा बाण इथूनच सुटला असे तिथली माणसे सांगतात. बाण पडला तो आपल्या बाणावलीत, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. सुटला कुठून ते टोक पायाखाली असताना पश्चिमेला गुजरातचे डोंगर बघत नणंद बराच वेळ उभी होती. एवढी जागा, आणि तिला दिला अर्धा दिवस! आदल्या रात्री सटाण्याच्या लॉजवर ठेवले. तिथून ताहाराबाद-मुल्हेरमार्गे पायथ्याला येईतो ऊन चढलेले. कातळातल्या पायऱ्यांवर सावलीचा पत्ता नाही. गंगासागर तलावाशी जरा टेकलो तर खालून फोन: लवकर या, परतीला निघायचे आहे. उतरून बूटसुद्धा न काढता गाडीत बसलो, ते मध्यरात्र उलटल्यावर पुण्याच्या अलीकडे चहाला उतरलो.

मुक्काम साल्हेरवाडीतच ठेवा आणि त्यासाठी पन्हाळा गाळा, असे मी त्यांना लेखी कळवले आहे. ‘बघू’ असे उत्तर आले.

पावसाळा संपता संपता, ऑक्टोबरच्या अखेरीस जावे. गवत हिरवे असते आणि टाक्यांना पाणी. काठी दोन घ्या, एक नव्हे. आणि पुढची सीट हवी असेल तर पैसे भरतानाच नाव घालून ठेवा, नंतर कोणी उठत नाही.