पंचनाम्याच्या नावाखाली आईचा अंगठा घेतला

गेल्या मे महिन्यात वादळात आमच्या घरावरचे पत्रे उडाले आणि दुसऱ्याच दिवशी दारात आलेल्या एका माणसाने आईच्या खात्यातले 14,000 रुपये काढून नेले. आता परत दुपारी वळवाचे ढग जमायला लागलेत, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. भिंती पक्क्या, वर पत्रे आणि पत्र्यांवर दगड. त्या दिवशी साडेचारच्या सुमारास पश्चिमेकडून मातीचा लोट उठला आणि एकदम अंधारून आलं. आई उंबऱ्याजवळ मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. वारा दारातून आत शिरला, पत्रा खालून फुगल्यासारखा वर उचलला गेला, एकदा आपटला आणि मग ओळीने नऊ पत्रे गेले. वरचा एक दगड सुपाच्या पलीकडे, आईपासून हातभर अंतरावर पडला. कोब्याला अजून तो खड्डा आहे. शेजारच्यांनी पत्रे जे-हुकने, म्हणजे वाकड्या बोल्टने, छपराच्या लोखंडी अँगलला आवळून घेतले होते, ते जागचे हलले नाहीत. दगडाच्या भरवशावर पत्रा ठेवू नका. वाऱ्याला खालून वाट मिळाली की तो पत्रा दगडासकट उचलतो, आणि मग तोच दगड घरात पडतो.

दहा-बारा मिनिटांत सगळं संपलं. मागच्या गल्लीत दोरीवरचे कपडेसुद्धा तसेच होते. लोक चक्रीवादळ म्हणत होते, पण चक्रीवादळ समुद्रावर तयार होतं आणि त्याची बातमी आधी येते. हे वळवाच्या ढगातून एका पट्ट्यात घुसलेलं वारं होतं, त्याने कुणाला सावरायला वेळच दिला नाही.

रात्र ताडपत्रीखाली काढली. पानं आणि तंबाखू भिजली होती. कारखान्यात विड्या मोजून द्याव्या लागतात, त्यामुळे आईला छपरापेक्षा त्याचाच घोर.

सकाळी नऊला तो आला. गळ्यात ओळखपत्राची पट्टी, काखेत निळी फाइल, हातात मोबाइल. "मावशी, नुकसानभरपाईचा पंचनामा करायचाय, पन्नास हजार बसतात तुमचे." त्याने फोटो काढले, फूटपट्टीने भिंत मोजली, नाव लिहून घेतलं. मग आधार कार्ड आणि पासबुक मागितलं. शेवटी पिशवीतून अंगठ्याचं छोटं मशीन काढलं. केवायसी करावी लागते म्हणाला.

आईने अंगठा ठेवला. "येत नाही मावशी, परत ठेवा." दुसऱ्यांदा ठेवला. "घट्ट दाबा की." तिसऱ्यांदा ठेवला. मी बाजूलाच उभी होते आणि मला जराही शंका आली नाही, कारण विड्या वळून वळून आईच्या बोटांच्या रेषा पुसल्या गेल्यात. रेशन दुकानातही तिला चार-चार वेळा अंगठा ठेवावा लागतो. जाताना त्याने फाइलचे म्हणून पाचशे रुपये रोख घेतले, तेही आम्ही दिले.

अकरा दिवसांनी पासबुक भरून आणलं तेव्हा त्याच तारखेला दोन नोंदी दिसल्या, 10,000 आणि 4,000. बँकेतल्या मॅडमनी समजावलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि बोटाचा ठसा एवढ्यावर खात्यातून पैसे निघतात, ओटीपी लागत नाही. एका वेळी दहा हजारांपर्यंत. म्हणजे पासबुक त्याला बँक कोणती ते बघायला हवं होतं. मॅडम म्हणाल्या, पहिल्या अंगठ्यात त्याने शिल्लक बघितली असणार. पुढच्या दोन अंगठ्यांत पैसे काढले. आईच्या खात्याला मोबाइल नंबर जोडलेला नव्हता, त्यामुळे मेसेज कुठे येणार?

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, पोलिसांत तक्रार दिली, बँकेलाही लेखी दिलं. पैसे अजून आलेले नाहीत. बँकेकडून व्यवहाराची माहिती मिळाल्यापासून तीन कामाच्या दिवसांत बँकेला खबर दिली आणि आपली चूक नसेल तर नुकसान आपल्यावर येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा 2017 चा नियम होता. आम्हाला मात्र कळायलाच अकरा दिवस गेले होते. म्हणून सांगते, असं काही झालं तर त्याच दिवशी पासबुक भरून बघा.

पण मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. तिसऱ्या दिवशी खरे तलाठी गल्लीत आले होते. आईने दारातूनच सांगितलं, "आमचा झालाय." ते पुढे गेले. तोवर आम्ही उसने पैसे काढून नवे पत्रे टाकले होते, आणि मोडलेल्या घराचे फोटो फक्त त्या माणसाच्या मोबाइलमध्ये. नंतर मी तहसीलमध्ये अर्ज दिला, पण दाखवायला काय होतं? गल्लीत ज्यांचे पत्रे उडाले होते त्यांच्या खात्यात 6,500 रुपये जमा झाले. पक्क्या घराची किमान 15 टक्के पडझड झाली तर 2022 ते 2026 च्या केंद्राच्या निकषात एवढीच रक्कम होती. हा आकडा मला आधी माहीत असता तर पन्नास हजार म्हणणाऱ्याला मी उंबऱ्यावरच अडवलं असतं.

पंचनाम्याला एक पैसाही लागत नाही. आपण आधार आणि पासबुकाची झेरॉक्स द्यायची, तलाठी जागेवर कागद लिहितात, पंचांच्या सह्या होतात. पंचनाम्याला अंगठ्याचं मशीन घेऊन कुणी दारात येत नाही. पुढे केवायसीची वेळ आलीच तर आपण स्वतः सेतू केंद्रात जायचं. आणि पत्र्याला हात लावायच्या आधी आपल्याच मोबाइलवर भरपूर फोटो काढून ठेवा, शेजारचं घरही दिसेल असे.

आता आईच्या आधारला माझा नंबर जोडलाय आणि बोटांचे ठसे लॉक केलेत. रेशनच्या रांगेत नंबर जवळ आला की ती मला फोन करते, मी मोबाइलवरून लॉक उघडते, दहा मिनिटांनी ते आपोआप परत बंद होतं. अंगठा ठेवायच्या आधी ती दुकानदाराला विचारते, "भाऊ, कशासाठी ठेवायचा?" तो दर महिन्याला सांगतो, आणि मगच ती ठेवते.