शिह त्झूचे केस: घरी विंचरायचे की पार्लरला न्यायचं?

उदगीरला आमच्याकडे चिंगी ही शिह त्झू जातीची कुत्री आली तेव्हा आम्ही तिला दर महिन्याला लातूरच्या कुत्र्यांच्या पार्लरला न्यायचो आणि मधले दिवस निर्धास्त असायचो. तिथेच चुकलं. शिह त्झू, ल्हासा आप्सो, माल्टीज या जातींच्या कुत्र्यांचे केस आपल्यासारखे वाढतच राहतात. गळालेला केस खाली न पडता शेजारच्या केसांत अडकतो आणि कानामागे, काखेत, मांडीच्या आत, पट्ट्याखाली गुंता बसतो. पार्लर महिन्यातून एकदा, गुंता रोज. शेवटी चिंगीचं सगळं अंग सफाचट करावं लागलं. जटांखालची कातडी लाल झाली होती.

म्हणून घर की पार्लर हे नंतर ठरवा, आधी केस किती लांब ठेवायचे ते ठरवा.

जमिनीला टेकतील एवढे केस हवे असतील तर पार्लर लावलं तरी रोजची पंधरा-वीस मिनिटं तुमचीच. नुसता वरून ब्रश फिरवला तर वरचे केस रेशमासारखे दिसतात आणि खाली जट बसत असते. केस हातानं वर धरायचे, कातडी दिसेल असा भांग पाडायचा आणि एकेक थर खाली सोडत विंचरायचा. स्टीलची फणी मुळापासून टोकापर्यंत कुठेही न अडकता गेली, तरच झालं. आणि हे सगळं अंघोळीच्या आधी, कारण भिजलेला गुंता आणखी घट्ट होतो. केस दोन-तीन सेंटीमीटर ठेवले तर हेच काम आठवड्यातून तीनदा, थोडक्या वेळात उरकतं.

आपल्याकडे पाण्याचाही हिशेब आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. ते दिवस पाहिलेल्या घरात कुत्र्यासाठी तीन-तीन बादल्या ओतताना हात आखडतो. बोअरचं पाणी जड असेल तर लांब केसांतून शाम्पू निघता निघत नाही, आणि राहिलेल्या शाम्पूनं खाज सुटते. आखूड केसांना आमच्याकडे एक बादली पुरते. शाम्पू मात्र कुत्र्याचाच घ्या. त्यांची कातडी आपल्याइतकी आम्लधर्मी नसते, आपला शाम्पू तिला कोरडी पाडतो.

पार्लरवाल्याचा हात सरस ठरतो तो कापणीत. घरी जट कात्रीनं कापायला गेलात तर तिच्याबरोबर वर ओढलेली कातडीही कापली जाते. क्लिपरचं, म्हणजे केस कापायच्या मशीनचं पातं चालता चालता तापतं, ते मधूनमधून मनगटाला लावून पाहावं लागतं. डोळ्यांभोवतीचे केस तर हात बसल्याशिवाय कापूच नयेत. पहिल्या दोन-तीन कापण्या पार्लरला करा आणि जवळ उभं राहून नीट पाहा.

उन्हाळ्यात मात्र मी घरच्याच बाजूनं आहे. कुत्रं मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतं, आणि चपट्या नाकाच्या लेकराला तेच नीट जमत नाही. एका दुकानात चिंगीला गरम हवेच्या पेटीत वाळवायला ठेवलं होतं. बाहेर काढली तेव्हा ती उभी राहीना. वर परतीचा साठ-सत्तर किलोमीटरचा रस्ता, भर मे महिन्यात. तेव्हापासून एप्रिल-मेमध्ये अंघोळ घरीच, सकाळी लवकर, टॉवेलनं टिपून पंख्याखाली. तुमच्या पार्लरमध्ये कसं वाळवतात, हे पैशांच्या आधी विचारा.

गोचीड आणि कुसळांच्या बाबतीत तर पार्लरची वाट पाहून चालतच नाही. पावसाळा सरला की गवताची कुसळं बोटांच्या बेचक्यात आणि कानात शिरतात, कातडीत घुसली तर पू होतो. फिरून आलं की त्याच दिवशी बोटांनी चाचपायला हवं. गोचीड रक्ताचे आजार देतो. चिकटलेला दिसला तर चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा आणि औषध जनावरांच्या डॉक्टरांना विचारून लावा.

पॉमेरेनियन असेल तर यातलं कापणीचं सगळं विसरा. त्याच्या वरच्या केसांखाली मऊ लोकरीचा थर असतो. उन्हाळा म्हणून तो भादरला तर ऊन थेट कातडीला लागतं, आणि कधीकधी केस पहिल्यासारखे परत येतच नाहीत. त्याला फक्त विंचरा, गळालेली लोकर निघू द्या.

चिंगीचे केस आम्ही आता आखूडच ठेवतो. कापणीला वर्षातून तीनदा नेतो: होळीच्या आत, मृगाचा पाऊस झाला की आणि दसऱ्याला. बाकी सगळं घरी, ओसरीवर, फणी घेऊन.